चाळीस मावळ्यांचे डोळे

पंचवटीतल्या गणपतीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. भुवई, पापणी, बुबुळ आणि मधली काळी बाहुली. रंगाला बाकीच्या बायका होत्या, साच्याला गडी होते, डोळ्यांना मी एकटी. सहा वर्षांपूर्वी मान धरायला लागली म्हणून काम सोडलं. हात गेला म्हणून नाही. हे मी इमारतीत सगळ्यांना सांगत असे. न सांगते तर पुढचा ताप झाला नसता.

खालच्या मजल्यावर एक सर राहतात. शाळेत इतिहास शिकवायचे, आता रिटायर. त्यांना छोट्या शिपायांचा नाद आहे. बोटाच्या एका पेराएवढे प्लास्टिकचे शिपाई, पार्सलने येतात. दर रविवारी चार-पाच पुरुष गंगापूर रोडला एकाच्या घरी जमतात, टेबलावर हिरवं कापड आणि थर्माकोलचे डोंगर मांडतात आणि लढाई खेळतात. पट्टीने अंतर मोजून शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. सगळे नातवंडांचे आजोबा. त्यांचा एक नियम आहे, न रंगवलेला शिपाई टेबलावर घ्यायचा नाही. आणि सरांचा हात आता थरथरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. त्यामुळे त्यांचे मावळे डब्यातच पडलेले, आणि ते चार महिने नुसते खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या लढाया बघून येत होते. दुसऱ्याचे शिपाई उसने घ्यायला तयार नाहीत.

जिन्यात हे ऐकलं आणि मी बोलून बसले, "द्या इकडे. किती आहेत?"

"चाळीस. पण ताई, फार बारीक काम आहे हो."

"दिवसाला चाळीस मूर्तींचे डोळे करत होते मी. बारीक मला सांगू नका."

पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारच्या खेळाला ते हवे होते. बारा दिवस.

पहिल्याच दिवशी घाण केली. कारखान्यात आम्ही मूर्तीला आधी पांढरा रंग द्यायचो, दाट, दोन हात. प्लास्टर रंग पितं. पहिला हात आत जातो, दुसरा वर राहतो. मी मावळ्यांना तसेच दोन हात दिले आणि गॅलरीत वाळत ठेवले. प्लास्टिक काही पीत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाळल्यावर बघते तर नाकं गेली, मिशा गेल्या, कंबरेचा शेला आणि तलवार एक झाली. चाळीस पांढरे गोळे.

सर वर आले आणि एक मावळा उचलून बघत राहिले. "यांना हिवताप झालाय का?"

"जास्त झाला रंग. काढते."

"निघेल?"

"निघेल नाही तर काय करेल?"

तीन दिवस गेले काढण्यात. साबणाच्या पाण्यात भिजवायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे, कोपऱ्यातलं टाचणीने कोरायचं. दोघांचे भाले मोडले, ते डिंकाने चिकटेनात, मग मुलाने कामावरून कसलासा गम आणून चिकटवले. सून म्हणाली, "आई, आमच्या पोरांनासुद्धा एवढं घासून आंघोळ नाही घातली तुम्ही." मी तिला म्हटलं, तुझी पोरं ओरडायची, हे ओरडत नाहीत.

मग रंग. मी कारखान्याच्या पद्धतीने गेले. एक रंग घेतला की सगळ्या मूर्तींना तोच फिरवायचा, मग दुसरा. एका दुपारी चाळीस मुंडाशी लाल, दुसऱ्या दुपारी चाळीस अंगरखे पांढरे. मला वाटलं, झालं, सुबक झालं. सर आले आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ताई, हा काय बँडबाजा आहे? हे घरचे कपडे घालून आलेले लोक. कुणाचं मुंडासं विटकं, कुणाचं दुसऱ्या रंगाचं. आणि पाय किती स्वच्छ. डोंगर उतरून आलेत हे."

"म्हणजे मळवू?"

"मळवा."

मला राग आला. एकतीस वर्षं पदरावर बोट पुसायला भीत होते मी, पदराचा रंग लागून मूर्तीवर ठिपका पडला तर गिऱ्हाईक परत आणतं म्हणून. आणि आता हातानं चिखल लावायचा. लावला. पातळ तपकिरी करून पायांना, अंगरख्याच्या घेराला. प्रत्येक मावळ्याला लावताना चूक केल्यासारखं वाटत होतं. मुंडाशीही बदलली, कुणाला राखी, कुणाला मातकट, कुणाला पिवळट. चाळीस वेळा वेगळा विचार करायचा म्हणजे डोकं पिकतं.

डोळे मी शेवटी ठेवले होते, सवयीने. शुक्रवारी सकाळी ऊन गॅलरीत आल्यावर बसले. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. सगळ्यात बारीक कुंचला, त्याचेही केस कापून तीन ठेवले. पहिल्याचा डोळा गालावर उतरला. पुसला. दुसऱ्याचे दोन्ही झाले, पण एक आभाळात बघतो, एक जमिनीवर. तिसऱ्याला बाहुली टेकवली आणि ती पसरून सगळा चेहरा काळा झाला. पुसून पुन्हा, पुसून पुन्हा. श्वास धरून बघितला, कोपर भिंतीला टेकवून बघितलं, सुनेचं भिंग कपड्याच्या चिमट्याने उभं करून बघितलं. भिंगात स्वच्छ दिसलं ते एवढंच की कुंचल्याचं टोक हलतंय. सरांच्या हातासारखं नाही, पण हलतंय. दुपारपर्यंत नऊ चेहरे खराब केले.

सुनेने जेवायला हाक मारली तेव्हा मी तिच्यावर उगाच ओरडले. ती म्हणाली, "नाही जमत म्हणून सांगा ना त्यांना." मी जेवले नाही.

शनिवारी नऊ चेहरे पुन्हा अंगाच्या रंगाने भरले आणि चाळीसही जणांच्या मुंडाशाखाली तपकिरी रेघ ओढली. डोळ्यांच्या जागी नुसती सावली. हातभर लांबून बघितलं तर ऊन डोक्यावर असल्यासारखं दिसत होतं. मला ते आवडलं नाही.

रविवारी सरांच्या मुलीने गाडीतून आम्हा दोघांना नेलं. मावळे टेबलावर लागले, कुणी नियम काढला नाही. एक चष्मेवाले म्हणाले, "काकू, काय झकास सावली पाडलीय चेहऱ्यावर." सर चार महिन्यांनी उभे राहून खेळत होते. शिपाई सरकवताना शेजारचे दोन आडवे व्हायचे, ते बाजूचा माणूस उभे करायचा. फासे मात्र त्यांना कुणाच्या मदतीविना टाकता येत होते, त्याला हात स्थिर लागत नाही. तासाभरात माझे तेरा मावळे मेले आणि ताटलीत पडले. ज्या मावळ्याच्या मुंडाशावर मी सकाळभर खपले होते तो दुसऱ्याच डावात गेला. कुणाला त्याचं काही नाही.

चहाच्या वेळी सरांनी पिशवीतून दुसरा डबा काढला. पंचवीस घोडेस्वार.

"घाई नाही, ताई. दिवाळीपर्यंत."

"सर, या मावळ्यांना डोळे नाहीत."

"अहो, एवढ्या लांबून दिसतात कुठे? हीच पद्धत बरी."

"पद्धत म्हणून नाही सोडले. मला जमले नाहीत."

चष्मेवाले कप घेऊन खिडकीकडे गेले. सर डब्यावर हात ठेवून बसले होते, आणि हाताबरोबर डब्यातले घोडे खुळखुळत होते. मी डबा त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. म्हटलं, "घोडे रंगवते, माणसं रंगवते. डोळ्यांचं काम आता मी घेत नाही."

हे मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरातही नाही. सर "बरं" म्हणाले आणि पट्टी मागितली, त्यांची चाल राहिली होती.