स्टार्ट नसलेला रिमोट

आमच्या व्हिडिओ गेमला दोन रिमोट होते आणि दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटनच नव्हतं. दुकानदारानं फसवलं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मग मैत्रिणीच्या घरी पाहिलं, तिच्याकडेही तसंच. म्हणजे हा कारखान्यातूनच ठरून आलेला मामला होता. गेम कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा ते पहिल्यानं ठरवायचं, दुसऱ्यानं गप बसायचं. आमच्या घरी पहिला म्हणजे दादा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दुसरी मी.

दादा आठवी चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून बाबांनी तो गेम सदरच्या बाजारातून आणला होता. आमचं घर लकडगंजात, बाबांची आरामशीन मागच्याच गल्लीत. दिवसभर लाकूड चिरल्याचा आवाज घरात यायचा, म्हणून आम्ही टीव्ही मोठ्यानं लावायचो. कॅसेटमध्ये गेम पुष्कळ होते, पण खेळायचो एकच. टोपी घातलेला एक बुटका मिशीवाला डावीकडून उजवीकडे पळतो, विटांना डोकं मारतो, खड्ड्यांवरून उड्या टाकतो आणि राजकन्येला सोडवायला जातो. आज सगळं जग त्याला ओळखतं. आमच्यासाठी तो नुसता मिशीवाला होता. माझ्या पाळीला त्याचे कपडे हिरवे व्हायचे, बाकी सगळं तेच.

पहिला मेल्याशिवाय दुसऱ्याची पाळी येत नसे, आणि दादा काही केल्या मरत नसे. एकदा अशीच खूप वेळ मांडी घालून बसले होते. पायाला मुंग्या आल्या. शेवटी ओरडले, "दादा, मर ना गा लवकर!"

आई स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानंच धावत आली. "काय बोलून राहिली वं? सख्ख्या भावाले असं म्हणते?" आणि पाठीत असा धपाटा दिला की फ्रॉकवर कणकेची पाच बोटं उमटली. त्या दिवसापासून घरात तो शब्द बंद झाला. मिशीवाला खड्ड्यात पडला तरी 'आउट' म्हणायचं, असं ठरलं.

बसून राहण्याचा एक फायदा मात्र झाला. खेळणाऱ्याचं सगळं लक्ष मिशीवाल्यावर असतं, बसलेल्याला बाकीचं चित्र दिसतं. मला दिसलं की आभाळातले ढग आणि खालची झुडपं एकाच आकाराची आहेत, एक पांढरं आणि एक हिरवं, एवढाच फरक. पडदा एकदा पुढे सरकला की मागे जाता येत नाही, हेही मीच आधी पाहिलं. मागे राहिलेल्या विटा कुठे जात असतील? एवढे पाइप जमिनीतून वर आलेत, त्यातले काही उघडतात आणि काही का उघडत नाहीत? विटेतून निघालेलं अळंबं खाल्लं की मिशीवाला मोठा व्हायचा, त्यावर आईला एकच शंका होती. "कुत्र्याची छत्री खाऊन माणूस मोठा कसा होते?" ती म्हणायची, आणि उत्तर न ऐकताच आत जायची.

दादाला असले प्रश्न खपत नसत. "तुले गेम खेळाचा हाय का चौकशी कराची हाय?" तो म्हणायचा. माझी पाळी आली की मी प्रत्येक पाइपवर उभी राहून खाली जाता येतं का ते पाही, आणि दोन मिनिटांत आउट होई. दुसऱ्या टप्प्यात मिशीवाला जमिनीखाली उतरतो, तिथे डोक्यावर विटांचं छत आहे. त्या छतावर चढून पलीकडे गेलं तर काय होईल, असं मी विचारलं तेव्हा दादानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"वर काहून जातं वं? रस्ता खाली हाय."

दादाची नववी झाली त्या उन्हाळ्यात दहावीचे क्लास सुरू झाले आणि बाबांनी गेम वायर, अ‍ॅडाप्टर सगळं गुंडाळून कपाटावर टाकला. वर्षभर कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. दादा दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून सायकलनं सदरला क्लासला जायचा. आई शेजारच्या काकूंकडे शेवयांच्या मशीनवर बसायची. घरात मी आणि कूलर.

तिसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढले. मला जिंकायचं वगैरे नव्हतं, खरंच सांगते. मला फक्त ते छत बघायचं होतं. स्टार्ट असलेला रिमोट पहिल्यांदा हातात धरला. विटा फोडून वर चढले, छतावरून चालत गेले, टप्पा संपतो तो पाइपही मागे पडला. आणि पुढे एक खोली निघाली. तीन पाइप, प्रत्येकावर आकडा. आत उतरलं की तीन-तीन मुलूख ओलांडून थेट पुढे! दादा वर्षभर घाम गाळून जिथे पोचला नव्हता तिथे मी पाच मिनिटांत उभी होते. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग रोजची दुपार तीच. बाबा घरी आले की टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून गरम आहे का ते बघत, हे मला माहीत होतं. म्हणून साडेचारला सगळं बंद करून मी कूलरचं तोंड टीव्हीकडे वळवायची. बाबांच्या हाताला टीव्ही रोज थंडगार लागे आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेई.

बाराव्या दिवशी मी गेम संपवला. शेवटच्या किल्ल्यात तो कासवासारखा राक्षस पूल तुटून आगीत पडला आणि पलीकडे खरोखरच राजकन्या उभी होती. इंग्रजीत तीन-चार ओळी आल्या. डिक्शनरी काढून अर्थ लावला: तुझे आभार, तुझा शोध संपला, आता हाच खेळ पुन्हा, पण अजून अवघड करून. एवढंच. मला हसू आलं, रागही आला, आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. ते कळणारा माणूस जगात एकच होता आणि नेमकं त्यालाच सांगता येत नव्हतं. पाच वाजता तो उन्हानं लाल होऊन आला, माठातलं पाणी घटाघटा प्यायला आणि गणिताचं पुस्तक उघडून बसला. त्याचा गेम, त्याचा पहिला नंबर, आणि तो असा तापून आलेला असताना मी काय सांगणार होते? दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढलेच नाही.

पुढे दहावी झाली, गेम खाली आला, पण दादाचं मन क्रिकेटकडे गेलं होतं. माझं लग्न होऊन मी खाप्याला आले, संत्र्याच्या बागा असलेल्या घरात. दादानं आरामशीन सांभाळली. कुठे त्या गेमचा विषय निघाला की तो म्हणे, "आमच्या घरी तो कोणाच्याच्यानं नाही संपला." आणि मी मान हलवी. भाऊबीजेला त्याला ओवाळताना दर वर्षी वाटे, आज सांगून टाकावं. गोष्ट एवढीशी, पण जितकी वर्षं गेली तितकी ती सांगायला जड होत गेली.

या मे महिन्यात माहेरी गेले तर भाचीनं, दादाच्या मुलीनं, तोच गेम मोठ्या टीव्हीवर लावलेला. ती कॉलेजात आहे. तिच्या मोबाइलमधल्या गेममधला माणूस आपोआप पळतो, आपण फक्त उडी मारायला सांगायची. तिनं एकेक गेम दाखवला आणि प्रत्येकात मला ती जुनी उडी ओळखू आली. ही सगळी त्या मिशीवाल्याचीच नातवंडं, असं मी म्हटलं तर ती हसली. तिच्या दोन्ही रिमोटना स्टार्टचं बटन होतं, हे मी आधी बघून घेतलं.

दादा खेळायला बसला आणि नेहमीच्या जागी, हातोडे फेकणाऱ्या कासवांपाशी, आउट झाला.

"बाबा, शेवटी काय आहे?" भाचीनं विचारलं.

"माहीत नाही."

"थांबा, व्हिडिओ असेल." तिनं मोबाइल उचलला.

"नको! ठेव तो फोन खाली." दादा एवढ्या जोरात बोलला की ती दचकली. कोथिंबिरीचा भावसुद्धा मोबाइलवर बघणारा हा माणूस, याला एवढं एक बघायचं नाही? मला नवल वाटलं. भाची आंबे आणायला आत गेली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, मी संपवला होता तो. तू क्लासला जायचा त्या उन्हाळ्यात."

तो हसला.

"अ‍ॅडाप्टर," तो म्हणाला.

"काय?"

"टीव्ही थंड करून ठेवे तू, पण अ‍ॅडाप्टरचं काय? क्लासहून आलो की मी गुपचूप स्टुलावर चढून गेमले नुसता हात लावून पाहो. खेळाचं मन होये ना. पहिल्या दिवशी अ‍ॅडाप्टर गरमच लागला मले."

"मग बोलला काहून नाही?"

"बाबांनी झोडपलं असतं तुले." तो रिमोटशी चाळा करत होता. "मग एक दिवस अ‍ॅडाप्टर थंड लागला. दुसऱ्या दिवशीही थंड. तवा समजलो, पोरीनं संपवला. वाटलं, आता सांगन. तवापासून वाट पाहून राहिलो."

"नेटवर पाहाचं होतं ना गा!"

"नेटले काहून विचारू? जिनं पाहिला ते घरातलीच होती."

मला रडूच आलं, लपवलं नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की वाट बघत बसणारी मी. दादानं पहिला रिमोट माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसरा घेऊन माझ्या डाव्या बाजूला मांडी घालून बसला, जिथे मी बसायची.

"मरू नको वं," तो म्हणाला. "मले शेवट पाहाचा हाय."

आतून आईचा आवाज आला, "काय बोलून राहिला गा तू तिले?"

"बोलू दे त्याले, आई," मी म्हटलं आणि स्टार्ट दाबलं.