हात जोडायपुरता ब्रेक

पिपरी मेघेहून वर्ध्याला नेणाऱ्या त्या ऑटोवाल्याचं नाव मी विचारलं नाही, कारण तेव्हा मी त्याच्यावर भयंकर चिडलो होतो. श्रद्धाळू आणि नास्तिक यांनी एकमेकांचा आदर कसा करावा, यावर मला दहा वाजता भाषण द्यायचं होतं. आणि हा गृहस्थ दिसेल त्या देवळापुढे ऑटो मुंगीच्या चालीनं नेत होता. शेजारी बसलेल्या आजी दरवेळी डोळे मिटून हात जोडत होत्या.

तिसऱ्या देवळापुढे मी, नास्तिकांचा नामवंत वक्ता, गरजलो, "दहाला माझं भाषण आहे! एवढा देवभोळा आहेस, तर ऑटो सोड आणि पुजारी हो!"

त्यानं मान तिरकी करून मला आरशात न्याहाळलं. "मी देव मानत नाई जी. पण हात जोडाले आजीले धराचा दांडा सोडा लागते. तवा गाडी पळवली तं आजी डायरेक्ट देवाच्या घरी जाईन."

आजी खुदकन हसल्या. पिशवीतल्या पूजेच्या केळ्यांतलं एक तोडून त्यांनी त्याच्यापुढे धरलं. "घे बाबू, देवापुढं ठेवाच्या आधीचं हाय. मंग त्याचा प्रसाद होते, अन् तुले जमत नाई."

त्यानं ते दातांनी सोललं आणि मजेत खाल्लं. माझ्या अठरा पानांच्या भाषणात केळ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

मी उतरताना त्यानं अदबीनं विचारलं, "भाषण कायच्यावर हाय, साहेब?"

"कापसावर," म्हणालो आणि पळालो.