दोन दिवसांसाठी घरी आलेला कॉम्प्युटर

साताऱ्यात माझ्या भाच्याच्या शाळेनं यंदा आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला एकेक लॅपटॉप दिला. घरी न्यायचा, त्यावर अभ्यास करायचा आणि वर्षभर आपल्याकडंच ठेवायचा. भाच्यानं पहिल्याच दिवशी तो दप्तरासकट पलंगावर फेकला. मी एवढ्या जोरात ओरडले की बहीण हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. भाचा शांतपणे म्हणाला, "मावशी, त्यात काय एवढं? सगळ्यांनाच मिळालाय."

आमच्या शाळेतही सगळ्यांनाच मिळाला होता. फक्त तो एकच होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव तासगावपासून जरा आत, चहूकडं द्राक्षबागा. मी नववीत होते. गावच्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला कॉम्प्युटर भेट दिला. आता सांगितलं तर मुलं हसतील, पण तो म्हणजे जाड पाटीएवढी काळी वस्तू आणि तिच्यावर बटणं. पडदाबिडदा काही नाही. टीव्हीला वायर जोडायची, मग बटणावर दाबलेलं अक्षर टीव्हीवर उमटायचं. आम्ही त्याला मशीनच म्हणायचो.

हेडमास्तरांना ते काचेच्या कपाटात, कबड्डीच्या ढालीशेजारी ठेवायचं होतं. आमचे गणिताचे सर मात्र हटून बसले. त्यांचं म्हणणं असं, की वही घरी जाते, पुस्तक घरी जातं, मग हे कपाटात बसून कुणाला शिकवणार? नववीतल्या प्रत्येक मुलानं ते दोन-दोन दिवस घरी न्यायचं. ज्यांच्या घरी टीव्ही नाही त्यांनी शेजारच्यांकडं जोडायचं. बराच वाद झाला. शेवटी हेडमास्तरांनी अट घातली, एकदा जरी बिघाड झाला तरी मशीन कायमचं कपाटात. सरांनी ती मान्य केली आणि वर्गात येऊन सांगितलं, "शेवटच्या नंबरापर्यंत प्रत्येकाच्या घरी हे जाणार. माझा शब्द आहे."

त्यासाठी त्यांनी एक वही आखली. नाव, नेल्याचा वार, आणल्याचा वार आणि शेरा. शेरा मुलानं स्वतः लिहायचा. 'छान चालला.' 'लाईट नव्हती, तरी मजा आली.' एकानं लिहिलं होतं, 'आजोबांना आवडला, देईनात.'

हजेरीत माझा नंबर शेवटून दुसरा होता आणि शेवटचा माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा. तिनं शाळेत उशिरा प्रवेश घेतला होता. ती कर्नाटकच्या हद्दीलगतच्या जतकडची. तिचे वडील तिकडं मेंढरं राखायचे आणि आई इथं बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर कामाला होती. मायलेकी शेडलगतच्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या. आई कानडी बोलायची, मराठी समजायची पण बोलताना लाजायची. वार्षिक परीक्षा झाली की दोघी जतला परत जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे तिचा नंबर आला तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

तिनं त्याची तयारी केली होती. द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर बटणांचा हुबेहूब नकाशा काढला होता आणि मधल्या सुट्टीत ती त्यावर बोटं आपटत बसायची. मी हसायचे. पण कुठलं अक्षर कुठं आहे हे तिला डोळे मिटून सांगता यायचं आणि मला उघड्या डोळ्यांनी सापडायचं नाही. तिच्या घरी टीव्ही नव्हता. मी म्हटलं, आमच्याकडं जोडू. ती म्हणाली, "जोडूया की. पर आधी एक तासभर का हुईना, आमच्या खोलीत न्यायचं. आईनं बघायला पायजे."

माझा नंबर आला शनिवारी. अर्धी शाळा सुटल्यावर मी मशीन छातीशी धरून घरी आणलं. आमच्याकडं टीव्ही होता, कारण माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि कॅन्टीनमधून तो घेऊन आले होते. वायर जोडली. सरांनी शिकवलेल्या प्रोग्रॅमच्या तीन ओळी मी चाचपडत लिहिल्या आणि पडद्यावर माझं नाव वरपासून खालपर्यंत धावत सुटलं. दारात जमलेली आळी माना उंचावून बघू लागली. आण्णा पुढं सरकले आणि म्हणाले, "माझं बी टाक. रँक लावून." हवालदार आणि पुढं त्यांचं नाव पडद्यावर आलं तसे ते बसल्या जागी ताठ झाले. त्यांना इतकं खूश मी त्याआधी क्वचितच पाहिलं होतं.

रविवारी सकाळी आईनं मला मळ्यावर डबा द्यायला धाडलं. मशीन स्टुलावर होतं. बेदाण्याचे दिवस, घरात जिकडं तिकडं चिकट हात आणि चिकट भांडी. मी परतले तर स्टूल रिकामं होतं.

"आण्णा, मशीन कुठाय?"

"हाय की. बंदोबस्तात हाय," आण्णा म्हणाले.

ते मला परसात घेऊन गेले. तिथं बेदाण्याचे ट्रे रचून त्यावर ताडपत्री टाकलेली होती आणि खालून गंधकाचा धूर निघत होता. बेदाण्याला रंग यावा, कीड लागू नये म्हणून आमच्या भागात अशी धुरी देतात. आण्णांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला. सगळ्यात वरच्या ट्रेवर, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, माझ्या शाळेचं मशीन ठेवलं होतं.

"तांबड्या मुंग्या बटणांच्या फटीतनं आत चालल्या होत्या," ते म्हणाले. "शाळेची वस्तू, आत वारूळ केलं तर तोंड दावायला जागा ऱ्हाणार न्हाई. म्हून धुरी दिली. बेदाण्याच्या निम्मीच दिली, जास्त न्हाई."

फौजेत बंदूक जशी जपली तशीच त्यांनी ही वस्तू जपली होती, त्यांना ठाऊक असलेल्या सगळ्यात चांगल्या उपायानं. मुंग्या खरंच गेल्या होत्या. दुपारी मी वायर जोडली तर चार-पाच बटणं उमटेनात. मग एकच अक्षर आपोआप उमटत राहिलं, त्यानं सगळा पडदा भरून टाकला, आणि मग पडद्यावर नुसती खरखर उरली.

मी आण्णांना जे बोलले ते आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? काही कळत नाही तर गप बसायचं ना." आमच्या घरात आण्णांना असं कुणी बोललं नव्हतं. आई चुलीपुढून उठून उभी राहिली. आण्णांनी मशीनची वायर काढून गुंडाळली. मग म्हणाले, "उद्या मी येतो सरांकडं. सांगतो."

"नको," मी म्हटलं. "मी सांगते व्होल्टेज वाढलं म्हणून." आण्णांची अब्रू राखायला मी असं केलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत आले. खरं तर सगळ्या वर्गापुढं आमच्या घराचं हसं व्हायला नको होतं, एवढंच मला कळत होतं.

सोमवारी मी वहीत शेरा लिहिला, 'व्होल्टेज वाढल्यामुळे बंद पडला.' सरांनी मशीन ऑफिसातल्या टीव्हीला जोडून पाहिलं. वायर काढून पुन्हा लावली. मग एका बटणावर बोट घासलं आणि ते नाकाशी नेलं. बेदाण्याच्या मुलखातला माणूस तो, त्याला काय कळायचं राहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्होल्टेजचंच असेल." मशीन घेऊन आम्ही वर्गात परतलो, तर मागोमाग हेडमास्तर कपाटाची किल्ली घेऊन दारात येऊन उभे राहिले. सरांचा चेहरा एकदम उतरला. एकच नंबर राहिला होता.

तेवढ्यात माझी मैत्रीण उभी राहिली.

"सर, आज माझा नंबर हाय."

"अगं, ते बंद पडलंय," हेडमास्तर म्हणाले.

"पडू दे की. मला न्यायचंय."

वर्ग हसला. हेडमास्तरही हसले. ती काही बसली नाही. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "ने बाई. बिघडलेलं अजून काय बिघडणार." सरांनी वही पुढं केली. तिनं नाव लिहिलं, वार लिहिला आणि मशीन उचललं.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर निघाले. सांगावं सांगावं म्हणत शेडपर्यंत पोचलो, तरी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तिची आई बेदाणा निवडत होती. लेकीच्या हातातलं मशीन पाहून तिनं हात पदराला पुसले, खोलीत येऊन पोत्यावर धुतलेली चादर अंथरली आणि मशीन तिच्यावर ठेवलं. मग वाकून जवळून पाहिलं आणि वास घेतला.

"गंधक," ती म्हणाली. कानडीतही त्याला गंधकच म्हणतात.

मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं. मुंग्या, धुरी, आण्णांना बोललेलं, वहीतलं खोटं. म्हटलं, तुझा नंबर मी घालवला.

"मला वर्गातच वास आला हुता," मैत्रीण म्हणाली. "रोज त्याच वासात निजतो आमी." रागावलीच होती ती, मला दिसत होतं. मग तिनं मला समोरच्या पेटीवर बसवलं. "रडू नगंस आता. तू टीव्ही हो."

"म्हणजे?"

"मी बटण दाबती. तू माझी बोटं बघ आन् काय आलं ते सांग."

ती मांडी घालून बसली आणि टाइप करू लागली. खाली एकदाही पाहिलं नाही, पुठ्ठ्यावर केलेली सगळी मेहनत त्या बोटांत होती. सगळी बटणं निमूट होती आणि मी मोठ्यानं वाचत होते. आधी तिचं नाव आलं. मग सरांनी शिकवलेल्या तीन ओळी आल्या. मी तिचं नाव वरपासून खालपर्यंत, घसा बसेपर्यंत म्हणत राहिले. तिच्या आईला हसू आवरेना. मग मैत्रिणीनं दुसरंच काहीतरी टाइप केलं. मी बोटांवर नजर ठेवून एकेक अक्षर जुळवलं आणि पूर्ण नाव म्हटलं. ते तिच्या आईचं होतं. त्या शेडवर तिला सगळे अमकीची आई म्हणूनच हाक मारायचे. ती बाई हसायची थांबली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि लेकीला कानडीत काहीतरी म्हणाली.

"परत दाव म्हणती," मैत्रीण म्हणाली.

मी परत म्हटलं. किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. बाहेर ऊन कलेपर्यंत मी टीव्ही होते.

घरी गेले तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "चुकलं माझं. बुधवारी मशीन शाळेत परत येईल, तेव्हा आपण दोघं जाऊ." त्यांनी नुसती मान हलवली. बुधवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट घातले आणि साहेबापुढं उभं राहावं तसे ते सरांपुढं उभे राहिले. "कसूर माझा हाय, सर. पोरीचा न्हाई. भरपाई काय आसंल ती सांगा."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. सर म्हणाले, "मुंग्यांचं माझ्याही ध्यानात यायला हवं होतं. नियमांत लिहायचं राहिलं." पुढं एका सुट्टीत एसटीनं सांगलीला जाऊन ते मशीन दाखवून आले. तिथल्या दुकानदारानं हात टेकले आणि ते ढालीशेजारी कपाटात गेलं. पण त्या बुधवारी ते टेबलावर होतं. मैत्रीण सकाळीच परत देऊन गेली होती.

मी वही मागितली. माझी ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'आमच्या घरी गंधकाची धुरी दिल्यामुळे बंद पडला.' आण्णांनी शेजारी सही केली, रँक लावून. मग माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. मैत्रिणीचं ठसठशीत अक्षर होतं. 'आईने पण पाहिला. फार छान चालला.'

मी पेन उचललं. म्हटलं, "सर, हे पण खोडू का? तो तर बंदच होता."

सरांनी वही माझ्या हातातून काढून घेतली.

"तिच्या ओळीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "ती बरोबर आहे."