अंबरीशची सुंता

उल्हास मेस्त्री सूरला आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. देवगडकडच्या सुतारांची मुलं फर्निचरच्या कामाला मुंबईत जातात, तसा तोही गेला होता. तिथून एका एजंटाने त्याला ओमानला पाठवलं. सूरच्या खाडीकाठी रशीद नावाच्या माणसाचा लाकडी गलबतं बांधायचा कारखाना होता आणि त्याला हाताने काम करणारे सुतार हवे होते. पहिलं वर्षभर उल्हासने फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरला. मग तो सांगाडा जोडायला लागला. आता नवी गलबतं क्वचितच बांधली जातात. जुन्यांची डागडुजी असते, हॉटेलांची नक्षीची दारं असतात, पर्यटकांसाठी हातभर लांबीची गलबतं असतात. त्या सगळ्या कामावर उल्हास मुख्य आहे. सतरा वर्षं एकाच अर्बाबाकडे, म्हणजे मालकाकडे काढली, म्हणून सूरमधल्या पंधरा-वीस मराठी माणसांत त्याला मान आहे.

कुठलीही गोष्ट लगेच ठरवायची नाही, हा त्याचा स्वभाव. घरात कपाट कुठे ठेवायचं यावर त्याने तीन आठवडे घेतले होते. लग्नही असंच उशिरा, एकोणतिसाव्या वर्षी केलं. बायको मनाली बदलापूरची, बालवाडीत शिकवायची. सात वर्षं ती तिकडे आणि हा इकडे. फॅमिली व्हिसा मिळाल्यावर ती सूरला आली आणि दोन वर्षांनी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव अंबरीश.

हॉस्पिटलमधून घरी सोडताना नर्स एक फॉर्म घेऊन आली. लसीकरण, कावीळ तपासणी, असे रकाने होते. एका रकान्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "खितान?"

मनालीने नवऱ्याकडे बघितलं. उल्हासला शब्द माहीत होता. कारखान्यात कुणाला मुलगा झाला की पंधरा दिवसांत तो कानावर यायचाच.

"ला, ला," नको अशा अर्थाने तो घाईघाईने म्हणाला. मग मनालीला सांगितलं, "सुंता करायची का विचारतेय."

मनालीला हसू आलं. नर्सही हसली, तिने रकान्यात फुली मारली आणि पान उलटलं. एवढ्यावर तो विषय संपला.

पाच आठवड्यांनी अंबरीशला ताप आला. दूध ओढेना, नुसता कण्हत पडून राहिला. हॉस्पिटलमध्ये लघवी तपासली तर त्यात जंतू निघाले. आठ दिवस बाळाच्या हाताला सलाईनची सुई होती. चौथ्या दिवशी पोटाची सोनोग्राफी झाली आणि त्यात डावं मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. आणखी एका तपासणीनंतर लहान मुलांच्या डॉक्टर उमामा यांनी दोघांना खोलीत बोलावलं. त्या सूरच्याच, वयाने मनालीपेक्षा थोड्या मोठ्या. शिकत असताना मुंबईच्या मैत्रिणी होत्या म्हणून हिंदी बऱ्यापैकी बोलायच्या.

त्यांनी कागदावर दोन मूत्रपिंडं, दोन नळ्या आणि खाली एक पिशवी काढली. लघवी वरून खाली यायला हवी. अंबरीशची डाव्या बाजूची उलटी वर चढते. तिच्याबरोबर जंतूही चढतात. पुष्कळ मुलांत हा दोष दोन-तीन वर्षांत आपोआप जातो. तोवर पुन्हा जंतू होऊ द्यायचे नाहीत, कारण दर वेळी मूत्रपिंडाला इजा व्हायचा धोका असतो.

"एक औषध रोज द्यायचं, थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "ते तर देऊच. दुसरं म्हणजे खितान. त्याने जंतू व्हायची शक्यता बरीच कमी होते."

"मी करा म्हणत नाही आणि करू नका असंही म्हणत नाही. बाकीच्या घरांत मला हे विचारावंच लागत नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते मला माहीत आहे. विचार करून सांगा."

"केलं तर पुन्हा ताप येणारच नाही का?" मनालीने विचारलं.

"तसं वचन मी देऊ शकत नाही. कमी होईल, एवढं सांगते."

गाडीत बसल्या बसल्या मनाली म्हणाली, "करून टाकू या."

"बघू," उल्हास म्हणाला.

"बघायचं काय त्यात?"

त्याला नीट सांगता येईना. तो फारसा देवधर्म करणारा नव्हता. घरात गणपतीची तसबीर होती, चतुर्थीला मोदक होत, तेवढंच. कारखान्यात सगळ्यांबरोबर एका ताटात खजूर खायला त्याला कधी काही वाटलं नव्हतं. तरीही हे करायचं म्हटल्यावर त्याचं मन तयार होईना. आपण हे मुलावर कायमचं करणार, आणि त्याला विचारता येत नाही, असं तो मनालीला म्हणाला. ती म्हणाली, "सुई टोचतानाही त्याला कुणी विचारलं नव्हतं."

शुक्रवारी सुट्टी होती. त्याने गावी व्हिडिओ कॉल लावला. आई गंगुबाई पडवीत बसली होती.

"ताप उतरलो मां पोराचो?" तिने विचारलं.

"उतरलो. पण डॉक्टरीण म्हणता, थोडी कातडी काढूक व्हयी."

"खयची कातडी?"

उल्हासने सांगितलं. गंगुबाई फोनपासून थोडी मागे झाली.

"मुसलमानांत करतत तसा?"

"तसाच. पण औषध म्हणान."

"परत येता ती कातडी?"

"नाय गे."

"मगे माका इचारू नको. तुझ्या बापाशीक इचार." आणि तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला.

शांताराम मेस्त्री माझगावच्या गोदीत सुतार होते. निवृत्त होऊन गावी आल्याला बारा वर्षं झाली होती. कमी बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको करू."

"बाबा, मूत्रपिंडाचो प्रश्न आसा."

"माका समाजला. तरी नको."

मग त्यांनी गंगुबाईला आत पाठवलं. त्र्याण्णव सालच्या जानेवारीत, दंगल चालू असताना, ते गोदीतून चालत घरी येत होते. त्यांची दाढी वाढलेली होती.

"नाक्यार धा-पंधरा जणांनी माका अडवल्यानी," ते म्हणाले. "नाडी सोडूक लावल्यानी. बघल्यानी, नि जा म्हणान सांगल्यानी. माझ्या पाठसून एक जण येय होतो. तेका जाऊक नाय दिल्यानी."

तेव्हा उल्हास आठ-नऊ वर्षांचा असेल, गावी शाळेत होता. वडील त्या महिन्यात अचानक घरी आले होते आणि महिनाभर राहिले होते, एवढं त्याला आठवत होतं.

"ह्या तुम्ही कधी सांगलास नाय," तो म्हणाला.

"सांगान काय उपयोग?"

त्याने हे मनालीला सांगितलं तेव्हा ती बाळाचे कपडे घड्या करत होती. हात थांबले. ती म्हणाली, "बाबांचं मला कळतं. पण ते एकदा झालं. ह्याला ताप उद्याही येऊ शकतो."

"उद्याच येईल असं काय आहे? औषध चालू आहे ना?"

असं करत दिवस गेले. रोज सकाळी गुलाबी औषध ड्रॉपरने अंबरीशच्या तोंडात सोडायचं, हे काम उल्हासने स्वतःकडे घेतलं. एकही दिवस चुकवला नाही. दर पंधरवड्याला लघवी तपासून आणायचा आणि अहवाल स्वच्छ आला की मनालीला दाखवायचा. डॉक्टर उमामांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो "बघतो, मॅडम" म्हणाला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

अंबरीश चार महिन्यांचा असताना एका दुपारी मनालीचा कारखान्यात फोन आला. ताप एकशे तीनच्या वर गेला होता. उल्हास अंगावरच्या भुश्यासकट गाडीत बसला. लघवी तपासली तेव्हा जंतू पुन्हा होते, आणि या वेळी नेहमीच्या औषधाला न जुमानणारे. पुन्हा सुई, आता नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत मनाली त्याला एकदाही लागेल असं बोलली नाही. सहाव्या दिवशी बाळ या आजारपणात पहिल्यांदा हसलं तेव्हा फक्त म्हणाली, "आता कुणाला विचारू नका."

"नाही विचारत."

तो खाली गेला आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिला. त्यांचे पेशंट संपल्यावर आत जाऊन म्हणाला, "मॅडम, सहीचा कागद द्या."

जंतू पूर्ण गेल्यावर तीन आठवड्यांनी ऑपरेशन ठरलं. त्यासाठी त्याने दोन दिवसांची रजा मागितली. रशीदने कारण विचारलं. तो साठी उलटलेला, नातवंडांचा माणूस. उल्हास आढेवेढे घेत "मुलाचं खितान आहे" म्हणाला तसा रशीद उठून उभाच राहिला.

"मब्रूक, अभिनंदन! बकरा माझ्याकडून!"

"नाही अर्बाब, तसं नाही," उल्हास गडबडला. त्याने हिंदी-अरबीची खिचडी करून मूत्रपिंड, नळी, ताप सगळं समजावलं. रशीद खाली बसला. त्याने दाढीवरून हात फिरवला.

"म्हणजे दवा आहे."

"दवा आहे."

"मग बकरा नाही. दवाला कोण बकरा कापतो?" तो म्हणाला. "दोन नको, आठ दिवस रजा घे. मुलगा बरा होईल, इन्शाल्ला."

ऑपरेशन अर्ध्या तासाचंही नव्हतं. अंबरीश बाहेर आला तो झोपेतच. पुढचे तीन-चार दिवस लंगोट बदलताना तो फार रडे. मनाली मलम लावायची आणि उल्हास त्याचे पाय धरायचा. पहिल्या दिवशी त्याने मान वळवली होती. दुसऱ्या दिवसापासून बघायला लागला.

आठव्या दिवशी टाके बघायला गेले तेव्हा त्याने डॉक्टर उमामांना एक विनंती केली. ऑपरेशन आजारासाठी केलं, असं लिहून हवं होतं.

"फाईलमध्ये आहेच ते," त्या म्हणाल्या. "कुणाला द्यायचंय? शाळेला?"

"नाही."

"विम्याला?"

"नाही, मॅडम. असू दे म्हणून."

त्यांनी हॉस्पिटलच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. उल्हासने बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याला प्लास्टिकचं लॅमिनेशन करून घेतलं.

त्यानंतर अंबरीशला लघवीचे जंतू झाले नाहीत. खितानमुळे का औषधामुळे का वाढत्या वयामुळे, ते डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही आणि उल्हासनेही विचारलं नाही. वर्षाचा असताना मस्कतला नेऊन मोठी तपासणी केली, त्यात डाव्या मूत्रपिंडावर एक बारीक डाग दिसला. तो राहणार होता. उल्हासने विचारलं, हा पहिल्या तापाचा की दुसऱ्या? तिथले डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. परतीच्या रस्त्यावर उल्हास गाडी चालवत होता. मनाली मागे मुलाजवळ बसली होती.

अंबरीश दीड वर्षाचा झाल्यावर ते गावी गेले. वडिलांना उल्हासने ऑपरेशन झाल्यावरच फोनवर कळवलं होतं. तेव्हा ते "बरा" एवढंच म्हणाले होते. गंगुबाईने नातवासाठी अर्धा डझन चड्ड्या शिवून ठेवल्या होत्या आणि ती त्याला अंगणात उघडा फिरू देत नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी शेजारच्या मीराबाईने न्हाणीच्या दारातून पाहिलंच.

"गे बाय, ह्या काय?"

"आजार होतो तेका," गंगुबाई पाणी ओतत म्हणाली. "डॉक्टरान कापल्यान. तुझ्या झिलाचा अपेंडिक कापल्यानी, तेव्हा मी इचारलंय काय?"

मीराबाई निघून गेली. गावात दोन-चार दिवस कुजबुज झाली असेल. पुढे काजू उतरवायचे दिवस आले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी शांताराम नातवाला मांडीवर घेऊन पडवीत बसले होते. उल्हास बॅग भरत होता. फाईल आवरताना तो कागद त्याच्या हाताला लागला. त्याने बाहेर येऊन वडिलांना दाखवला, इंग्रजीत काय लिहिलंय ते एकेक ओळ मराठीत सांगितलं.

शांतारामांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली, ती कोरी होती.

"त्या टायमाक ह्यो कोण वाचतलो?" ते म्हणाले.

उल्हासने कागद परत हातात घेतला.

शांतारामांनी विचारलं, "दुखला काय रे तेका?"

"चार दिस रडलो."

"हं." त्यांनी मुलाचं डोकं छातीशी धरलं. मग कागद घेतला, नीट पुसला आणि म्हणाले, "तरी आसू दे. तुझ्या पासपोर्टावांगडा ठेव."

अंबरीश आता साडेतीन वर्षांचा आहे. इंडियन स्कूलच्या केजीत जातो, रंगीत खडूने भिंतीवर जहाजं काढतो. आईशी मराठीत सुरुवात करतो आणि मध्येच इंग्रजीत शिरतो. सहा महिन्यांपूर्वी त्याचं रोजचं औषध बंद झालं. वर्षातून एकदा मस्कतला तपासणीला जावं लागतं आणि दिवसातून चार वेळा पाणी पी म्हणून मागे लागावं लागतं. मोठा झाल्यावर तो विचारेल तेव्हा काय सांगायचं, यावर मनालीचं उत्तर तयार आहे: आजार होता म्हणून. उल्हास अजून विचार करतो आहे.