शोरॉकच्या खिडकीतले केस

थर्झा शोरॉकचा चेहरा आमच्या इंग्लंडातल्या गिरणगावात, रॉचडेलमध्ये, फारसा कुणाला ठाऊक नव्हता. पाठ मात्र अख्ख्या गावाच्या ओळखीची. तिचे वडील जेठ्रोकाका न्हावी, आणि शेजारच्या टोप्यांच्या दुकानात मी विकायला. काका केस वाढायचं तेल घरीच बनवून हिरव्या बाटल्यांतून विकायचे, आणि त्याची जाहिरात म्हणजे थर्झा. शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या की पोरीने दुकानाच्या काचेत रस्त्याकडे पाठ करून बसायचं. तांबूस केस मोकळे, पार स्टुलाच्या खाली लोंबणारे, आणि बाजूला बाटल्या रचलेल्या. शाळकरी असल्यापासून बसत होती, आता लग्नाची झाली. खरं सांगू? त्या तेलाचा थेंबही तिच्या डोक्याला कधी लागला नाही. केस आईवर गेले होते, एवढंच.

आणि दिवस कसले, तर झगे गुडघ्यापर्यंत चढलेले आणि कंबर पार खाली घसरलेली. आठवडाभर लाकडी बूट आणि शाली पांघरून मागावर उभ्या राहणाऱ्या पोरी शनिवारी नकली रेशमाचे मोजे घालायच्या आणि ते फार चमकतात म्हणून वरून पावडर थापायच्या. केस तर सगळ्यांनाच मानेपर्यंत हवे. कापणार कोण? बायकांचे केस बांधणाऱ्या नाक मुरडायच्या, म्हणून सगळ्या पुरुषांच्या न्हाव्याकडे. जेठ्रोकाकांच्या बाकावर बसायला जागा उरायची नाही.

एखादी घाबरली की काकांचं ठरलेलं होतं. "अगं पोरी, डोकं तुझं, केस तुझे. नवऱ्याला काय विचारायचंय त्यात? ओझं आहे ते, उतरव." आणि तीन हातांवर पोटची पोर तेच ओझं घेऊन काचेत बसलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी तिला चहा द्यायला जायची. रस्त्यावरून बघाल तर पुतळा, आणि खाली पडद्याआड पाय नुसते नाचत असायचे. टाच, चवडा, टाच. एक जागी स्वस्थ नाही.

"मरेन गं मी इथे," ती पुटपुटायची. "सगळ्या नाचायला जातात. माझी पाठ तेवढी गावभर फिरते."

"मग सांग ना बाबांना."

"सांगितलं. म्हणाले, तुझ्या केसांवर घर चालतं. खोटं आहे ते. घर कापलेल्या केसांवर चालतं, रोज मीच झाडते ना."

आमच्या दुकानात येऊन ती नवी टोपी घालून बघायची, ती घट्ट, भुवयांपर्यंत येणारी. तिच्या अंबाड्यावर ती टोपी किटलीच्या झाकणासारखी बसायची. थर्झा हसायची, आणि टोपी टेबलावर जरा जोरातच ठेवायची. मालकीण माझ्याकडे डोळे वटारून बघायची.

त्या शनिवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा बाकावर चौघीजणी होत्या. खुर्चीत एक नवी नवरी रडकुंडीला आलेली, आणि काकांची टकळी सुरू, डोकं तुझं, केस तुझे. थर्झा काचेतून उठली. मोकळ्या केसांनिशी पडदा ओलांडून आली आणि बाकाच्या टोकाला बसली. कुणाच्या आधी नाही, कुणाला ढकलून नाही. रांगेत.

काकांचा हात मंदावला. एका डोक्याला दोन डोक्यांचा वेळ लावू लागले. थर्झाचा गुडघा हलत होता, त्याने अख्खा बाक हलत होता. माझ्या हातातला चहा गार झाला तरी मी हलले नाही. हलते कशाला?

नंबर आला. थर्झा खुर्चीत जाऊन बसली.

"ऊठ तिथून," काका म्हणाले.

"नंबर माझा आहे, बाबा."

"काचेत जाऊन बस. लोक बघतायत."

"रिकामी काच बघू दे त्यांना. डोकं माझं आहे."

बाकावर मागाहून येऊन बसलेल्या गिरणीतल्या मिसेस ग्रिमशॉ होत्या, आवाज मागांच्या खडखडाटात कमावलेला. त्या म्हणाल्या, "जेठ्रो, आमचं ते ओझं, आणि तुझ्या लेकीचं ते सोनं, होय रे?" असं म्हणून त्यांनी शाल खांद्यावर ओढली. शेजारचीनेही ओढली. शनिवारचं गिऱ्हाईक दारातून निघून जाणार असं दिसलं, तेव्हा काकांनी कंगवा उचलला.

आधी त्यांनी वेणी घातली. सावकाश, घट्ट, वरखाली दोरा बांधून. मग कात्री. एका घावात नाही तुटली वेणी, कात्री करकरत राहिली. नंतर मानेवर मशीन फिरवताना काकांचे कान लाल झाले होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

थर्झा तडक आमच्याकडे आली. टोपी भुवयांपर्यंत उतरली. ती आरशासमोर गोल फिरली, परत फिरली, दारापर्यंत जाऊन आली. "मान कुठे ठेवू तेच कळत नाही," म्हणाली. मी इतकी खूश कधी झाले नव्हते.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी निघालो नाचाला. नवी टोपी, पावडर लावलेले मोजे, सगळा थाट. वाटेत दुकान. काचेसमोर नेहमीसारखी गर्दी. काकांनी ती वेणी सोडून, विंचरून, लाकडी डोक्यावर बसवून स्टुलावर मांडली होती, पाठ रस्त्याकडे. बाजूला हिरव्या बाटल्या, नेहमीपेक्षा जास्तच.

थर्झा पुढे जाऊन काचेला नाक लावून उभी राहिली. मागे दोन बायका होत्या, दर शनिवारी येणाऱ्या.

"कशी बसते बाई, इतकी स्वस्थ," एक म्हणाली. "आमच्या पोरींना जमेल का?"

"वळण आहे हो शोरॉकच्या घरात," दुसरी म्हणाली आणि थर्झाच्या खांद्याला हात लावला. "ए पोरी, जरा सरक ना. आम्हाला दिसत नाही ती."

थर्झा सरकली.