बसून राहण्याची नोकरी

दिव्यांगांच्या राखीव जागेवर मला क्लार्कची नोकरी लागली, तेव्हा आमच्या गावी, कन्नडला, आईनं गल्लीभर पेढे वाटले. मला दिसत नाही; पण मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी संगणक शिकले होते, टायपिंगची परीक्षा पास झाले होते. शहरात, उस्मानपुऱ्यात, खोली घेतली आणि क्रांती चौकाजवळच्या एका कार्यालयात रुजू झाले.

पहिल्याच दिवशी साहेब मायेनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही निवांत बसा. उगाच त्रास नको."

मी बसले. आजूबाजूला कागदांची सळसळ, शिक्क्यांचे ठोके, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाच्या गप्पा. माझ्या टेबलावर एकही फाइल आली नाही. कुणी वाईट वागत नव्हतं. चहाचा पहिला कप माझ्याच हातात द्यायचे आणि पुन्हा आपल्या गप्पांत जायचे.

संध्याकाळी आईचा फोन यायचा. "लई काम असतंय का गं?"

"व्हय, लई." मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी दिवसभर केलेली कामं मी माझी म्हणून सांगायचे. आई खूश व्हायची. फोन ठेवल्यावर मला जेवण जायचं नाही.

आठ महिने असे काढल्यावर मी साहेबांना काम मागणारा लेखी अर्ज दिला. ते दुखावले.

"पगार वेळेवर मिळतो ना? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"कुणीच काही बोलत नाही, सर. मला काम द्या."

दारात उभे असलेले म्हातारे शिपाईचाचा म्हणाले, "स्टोअर में एक कंप्यूटर पड़ा है ना साब. मॅडम कू दे देव."

चाचांनीच तो पुसून टेबलावर आणून ठेवला. मी त्यावर माझं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. ईमेलनं येणाऱ्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम मिळालं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आवाज चढवून बोलावलं. "मॅडम, बाहेर जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक लागतो, तो कुठाय यात? लक्ष कुठं असतं?"

मी माफी मागितली आणि जागेवर येऊन बसले. इथं पहिल्यांदाच कुणीतरी माझी चूक काढली होती. मी भराभरा ते पत्र दुरुस्त केलं.

आता दिवसभर कानात हेडफोन असतो. दुपारी तो काढते तेव्हा खोली शांत झालेली असते. सगळे खाली कॅन्टीनला गेलेले असतात. जाताना मला सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी डबा उघडते, दोन पोळ्या खाते आणि सुट्टी संपायच्या आतच पुढचा ईमेल उघडते.