कझिन म्हणजे कोण

शाळेत मी इंग्रजी शिकवते. सहावीच्या वर्गात नात्यांचे शब्द आले की फळ्यावर एका ओळीत उरकून टाकायचे: कझिन म्हणजे चुलत, मावस, आते, मामे भावंडं. पोरं विचारायची, "मॅडम, सगळ्यांना एकच?" "इंग्रजांना एवढा गोतावळा झेपत नव्हता," असं म्हणून मी पुढचा शब्द घ्यायचे. मी स्वतः आतेभावाशी लग्न करून बसलेली बाई, पण तो शब्द माझ्यासाठीही आहे हे कधी डोक्यातच आलं नाही.

दिवस गेले तेव्हा पहिल्या तपासणीला सांगलीला आत्या बरोबर होती. आत्या म्हणजेच माझी सासू. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?" आत्यानं मला तोंड उघडू दिलं नाही. "छ्या! भावकीत कोण लगीन करतंय? पावण्यातलं हाय." आमच्याकडं ते बरोबरच होतं. आडनाव वेगळं, गाव वेगळं, मी कोरेगावची, तिला दिलेली शिराळ्याला. मामाची पोरगी करण्यात कसलं आलंय नातं?

सहाव्या महिन्यात मी एकटी गेले आणि सहज बोलून गेले, की आमचे मिस्टर माझे आतेभाऊच. बाईंचं पेन थांबलं. फाईलवर त्यांनी 'फर्स्ट कझिन' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "घरात कुणी जन्मापासून बहिरं वगैरे?"

"नाही."

"बाळ झालं की कान तपासून घ्या. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरत नाही हो? परतीच्या एसटीत मी मोबाईलवर तो शब्द शोधला. मूळ लॅटिनमधलं, आणि तिथला जुना अर्थ, आईच्या बहिणीचं मूल. म्हणजे मावसभाऊ! ज्याला मी राखी बांधते तो! मग पेपर तपासताना तोच शब्द, भाकरी थापताना तोच. आवाजानं पोटातलं बाळ हलतंय का बघायला मी मुद्दाम ताट पाडायचे. आत्या एरवी कपबशी वाजली तरी ओरडणारी, पण तेव्हा नुसती बघत राहायची.

मुलगा झाला. तपासणीच्या दिवशी त्याच्या इवल्याशा कानात यंत्राचं रबरी बोंडूक घातलं. "दोन्ही कान चांगले आहेत," असं सांगितल्यावर मी ओक्साबोक्शी रडले. आत्या मात्र भिंतीला टेकून खालीच बसली.

"माझा पयला ऐकत न्हवता," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या आधीचा. मला बी आत्याच्याच घरात दिलेली. तीन वर्साचा हुता. मागनं उसाची ट्रॉली आली. लय हाका मारल्या गं मी. त्यानं मागं बघितलंच न्हाई."

मला ऐकवेना. आणि मग असा संताप आला! "डॉक्टर विचारत होत्या तेव्हा का लपवलंस? कझिन म्हणजे काय, कळतं का तुला? मग मला सून का करून घेतलीस?"

"तुला आई न्हवती," ती म्हणाली. "परक्याच्या घरात तुला कशी दिऊ?"

कितीतरी महिने मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

आता पोरगा सात वर्षांचा आहे. परवा माझ्या भावाच्या मुलीचा वाढदिवस होता, म्हणून आम्ही सगळे कोरेगावला गेलो होतो. जेवताना कुणीतरी पोराची चेष्टा केली, "काय रं, मामाची पोरगी करायची न्हवं?" सगळे खो खो हसले. पोरगा लाजला.

आत्या भरल्या ताटावरून उठली.

"गप बसा," ती म्हणाली. "कझिन हायती ती."